खाणारा आणि राखणारा

माण गावात मी ज्या इमारतीत तीन वर्षं भाड्याने राहिलो, तिच्या मालकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी मला एकदा खालून वर नीट पाहिलं. त्याला जरा वेळ लागला, कारण मी तेव्हा एकशे आठ किलोंचा होतो. मग माझ्या डाव्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत ते म्हणाले, "खाणारं तर दिसतंय. राखणारा कुटं हाय?"

मला वाटलं, घरातल्या कर्त्या माणसाबद्दल विचारतायत. म्हटलं, "एकटाच आहे. वडील वारले, आई बार्शीला असते."

"एकटंच हाय, त्ये दिसतंयच की," ते म्हणाले आणि त्यांनी खोलीची किल्ली हातात ठेवली.

आम्ही सगळे भाडेकरू त्यांना आप्पा म्हणायचो. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. आयटी पार्क वाढत वाढत त्यांच्या बांधापर्यंत आलं, जमीन गेली, आणि जिथे मेंढरं कोंडायची जागा होती तिथे मुलाने तीन मजले उठवले. मुलगा घोटावड्याकडच्या एका कारखान्यात कामाला होता, तो सकाळीच निघून जायचा. आप्पा दिवसभर खाली पार्किंगमध्ये, दुचाक्यांच्या रांगेत बाज टाकून बसायचे. चार मेंढ्या त्यांनी हट्टाने ठेवल्या होत्या. गाडीखाली लेंड्या सापडतात अशी तक्रार कुणी केली की ते म्हणायचे, "आदी त्या हितं व्हत्या, तुमी मागनं आलायसा."

संध्याकाळी ते त्या चार मेंढ्या घेऊन समोरच्या कंपनीच्या भिंतीकडेने चारायला निघत. भिंतीला लागून कंपनीने हिरवळ लावली होती आणि तिच्या कडेला गवताची एक रानटी पट्टी उरली होती. वॉचमन ओरडायचा, "बाबा, इधर मना है." आप्पा काठीवर रेलून, एक पाय दुमडून दुसऱ्या गुडघ्याला लावून उभे राहत आणि म्हणत, "न्हाई जायच्या. मी हाय न्हवं मागं." आणि खरंच, दावं नाही, हाक नाही, तरी ती जनावरं रानगवत खाऊन हिरवळीपाशी थांबायची. ऑफिसच्या बसमधून उतरून चालत येताना मी हे बरेचदा पाहिलं आहे. हिरवळीच्या काठावर आल्यावर चारही मेंढ्या एकदम मान वर करायच्या, कुणीतरी मानेला धरावं तशा.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं. जनावराला भूक कळते, पुरे कळत नाही. पुरे कळतं ते राखणाऱ्याला. "मानसाचं बी त्येच," ते म्हणायचे. "म्होरं एक खाणारं असतंय, मागं एक राखणारा. मागचा गेला की म्होरलं रान खाऊन टाकतंय." हे कुणीही म्हणेल. फरक इतकाच होता की बाकीचे लोक हे बोलण्यापुरतं म्हणतात आणि आप्पा समोरच्या माणसाच्या मागे खरोखर बघायचे. डोळे बारीक करून, उन्हात लांबचं माणूस ओळखायला बघतात तसे. कधी मान हलवायचे, कधी एखाद्या भाडेकरूला सोडून त्याच्या मागच्या रिकाम्या जागेला "या" म्हणायचे. नवीन माणूस हसायचा. महिनाभराने तोच माणूस पार्किंगमधून जाताना जरा भिंतीला पाठ लावून चालायचा.

पौडच्या बाजारातले एक बकऱ्यांचे व्यापारी होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. महिन्यातून एकदा चहाला यायचे. एकदा मी त्यांना गमतीत विचारलं की आप्पांना खरंच काही दिसतं का. चाचा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "दिसतं का न्हाई ते अल्लाला ठावं. पर आप्पा ज्या बकऱ्याकडं बघून गप ऱ्हातो ना, ते मी घेत न्हाई. एकदाच घेतलं व्हतं. तिसऱ्या दिशी सडकंवर गाडीखाली गेलं." मग त्यांनी मला आणखी एक खारी घ्यायचा आग्रह केला. मी दोन घेतल्या.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी खायचो. हौसेने, कंटाळ्याने, रागाने, आणि कधी कधी नुसतंच समोर आहे म्हणून. त्याचा दोष द्यायला मला माणसांची कधी कमतरता पडली नाही. ऑफिसात वाढदिवस फार. कामाची वेळ विचित्र. फोनवर बोट ठेवलं की अर्ध्या तासात दारात बिर्याणी. शिवाय हाड जाड, घराणंच तसं. घराण्याचं म्हणाल तर वडील साखरेनेच गेले, शेवटची दोन वर्षं एका खोलीत काढून. आई डबे लपवायची, ते शोधून काढायचे. सापडले की म्हणायचे, "तुझ्या आईने घरात ठेवलं, मी काय करू?" मला त्यांचा तेव्हा इतका राग यायचा की मी उठून बाहेर जायचो आणि कोपऱ्यावर भेळ खायचो.

पार्सल घेऊन येणारा माणूस पार्किंगमध्ये आप्पांना माझी खोली विचारायचा. आप्पा जिन्याकडे बोट दाखवायचे आणि मला ऐकू जाईल असं विचारायचे, "दोगांचं हाय का एकाचं?" खायचं की नाही याबद्दल त्यांनी मला तीन वर्षांत एक शब्द सांगितला नाही. भाकरी खा म्हणाले नाहीत, भात सोड म्हणाले नाहीत. गावातली बाकी सगळी मंडळी मला मेथीचे दाणे, कारल्याचा रस आणि गरम पाणी सांगून थकली होती. आप्पा फक्त मागे बघायचे.

माझ्या समोरच्या खोलीत एक मुलगा राहायचा, माझ्याच कंपनीतला. तो माझ्या अगदी उलट होता. छोट्या काट्यावर काकडी तोलून खायचा. बदाम मोजून घ्यायचा, सहा म्हणजे सहा. रोज सकाळी घोटावड्याच्या रस्त्याने धावून यायचा आणि आल्यावर दारातच उभा राहून पोटाचे फोटो काढायचा. मला तो आवडायचा नाही, हे कबूल करतो. त्याच्याकडे पाहिलं की मला माझं पोट दिसायचं. एकदा मी आप्पांना म्हटलं, "ह्याचा राखणारा तर पक्का असणार." आप्पा जिन्याकडे पाहत होते. तो मुलगा जिना चढत होता, वाकून, कठडा धरून. दहा पायऱ्यांचा जिना.

"हाय की," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "पर त्यो मागं न्हाई. मानंवर बसलाय."

"म्हणजे?"

"राखणाऱ्यानं जनावरावर बसायचं नसतंय, सायब."

पुढच्या आठवड्यात तो मुलगा त्याच जिन्यात पडला. आवाज झाला म्हणून मी दार उघडलं. शुद्धीवर नव्हता. त्याला उचलायला मी हात घातला पण तो उचलला गेला नाही. मी जाडा असलो तरी अंगात ताकद होती, आणि तो मुलगा हाडांचा सापळा झाला होता. तरीही तो जिन्यातून हलेना, कुणीतरी वर बसून असावं तसा. आप्पा खालून आले, त्याच्या मानेमागची हवा त्यांनी हाताने झटकली, अंगावरची माशी झटकतात तशी, आणि म्हणाले, "आता धरा." मी एका हाताने उचलला. त्याचे आईवडील आले आणि त्याला घेऊन गेले. बरा झाला असं पुढे कळलं. मी आप्पांच्या त्या हाताबद्दल ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी माझा साखरेचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागदावर एका आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाल्या, "अजून आपल्या हातात आहे. सहा महिन्यांनी असं म्हणता येईल की नाही, मला माहीत नाही." मी छत्तीस वर्षांचा होतो. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मला वडिलांची खोली आठवली, तिच्यातला वास आठवला. मी मनापासून घाबरलो.

त्या रविवारी भर दुपारी मी खाली गेलो. इमारतीत सामसूम होती. मी आप्पांच्या बाजेवर बसलो आणि तयार करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. माझा फोन तुम्ही ठेवा. दोन वेळचा डबा तुमच्या सूनबाईंनी द्यावा, त्या देतील तेवढाच मी खाईन. माझं पार्सल आलं तर परत पाठवा. मी भांडलो, शिव्या दिल्या तरी पाठवा. "तुम्ही चार मेंढ्या राखता आप्पा, मला पाचवा समजा."

मला वाटलं होतं, ते हसतील. त्यांचा चेहरा उतरला. ते उठले, काठी घेतली आणि मला तिथेच सोडून उन्हात निघून गेले. मेंढ्याही बरोबर नेल्या नाहीत. मला अपमान झाल्यासारखं वाटलं आणि वर जाऊन मी दोन माणसांची बिर्याणी मागवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना त्यांनी मला काठी आडवी धरून थांबवलं.

"बस. आमच्या कारभारणीला बी साखर व्हती," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला अरेतुरे केलं. "तिला ग्वाड लई. डॉक्टर म्हनला, खाणं राखा. म्या म्हटलं, राखतो. राखायचंच तर काम हाय आपलं. गुळाच्या डब्याला कुलूप घातलं, किल्ली हितं करगोट्याला. ताटात म्या वाढीन तेवढंच. सनासुदीला तिला म्हायेरी न्हाई धाडली. तीन वरीस. साखर खाली आली, डॉक्टर म्हनला, आप्पा, तुमच्यावानी मानूस बघितला न्हाई." त्यांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. "आन दिसामाजी मला दिसतुया की, तिच्या मागं जो हुबा असायचा, त्यो लांब लांब चाललाय. आदी दारात. मग बांधावर. मग त्यो दिसायचाच बंद झाला. म्या म्हटलं, जाऊ दे. मी हाय न्हवं."

"मग?"

"मग भरे गावाला भावकीत लगीन व्हतं. चार दिस गेलो. किल्ली घिऊन गेलो." त्यांनी जमिनीवरची रेघ पायाने पुसली. "माघारी आलो तवा डब्याचं बिजागर काढल्यालं. गूळ संपल्याला. शेजारनं साखर आनल्याली, तीबी संपल्याली. गोळ्या तशाच. दवाखान्यात न्हेली. तितं डोळं उघडलं तवा म्या इचारलं, का गं असं केलंस? तर म्हनली, तुमी हितं नव्हता."

ते तसंच पुन्हा एकदा म्हणाले, तिच्या आवाजात, लहान मुलाने खरंखुरं कारण सांगावं तसं. "तुमी हितं नव्हता. तेवढंच म्हनली. सांजच्याला गेली."

ऑफिसची बस समोरून निघून गेली.

"तवा मला नगो सांगूस," आप्पा म्हणाले. "तोंड तुजं, हात तुजा. म्या राखाया लागलो तर तुजा कदीच यायचा न्हाई. एक कर. पैला घास घ्यायच्या आदी मागं बघत जा. कोण हाय का, एवढंच. मग खा, काय खायचं ते."

ही मला मिळालेली एकमेव पथ्याची सूचना. मला ती मूर्खपणाची वाटली, पण रिपोर्ट खिशात होता म्हणून करायला लागलो. ताट समोर घ्यायचं, मान वळवायची, मागे बघायचं. मागे काय, भिंत, कॅलेंडर, कोपऱ्यातला टेबलफॅन, एक प्लास्टिकची खुर्ची. पण एक गोष्ट घडायची. तेवढं करून ताटाकडे परत वळलं की ते ताट मला नव्याने दिसायचं, आणि कधी कधी त्यातलं अर्धं नको वाटायचं. सुरुवातीला मागे बघूनही मी दाबून खायचो. काही दिवस मागे, काही दिवस पुढे, असं करत मी स्वतः भाकरी थापायला शिकलो, संध्याकाळी आप्पांच्या मेंढ्यांमागे चालायला लागलो, वजन शंभराच्या खाली आलं. ऑफिसात बायका विचारायला लागल्या की तू कोणतं डाएट करतोस. मी काय सांगणार होतो?

मग एके दिवशी मी मागे पाहिलं आणि ताटाकडे वळताना मला जाणवलं की खोलीत मी एकटा नाही. दिसलं काहीच नाही. पण पाठीमागचा पंख्याचा वारा अडला होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि तरीही त्या दिवशी मी पोटभर, शांतपणे आणि बेताचं जेवलो. दुसऱ्या दिवशीही वारा अडला. मग रोजच. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला हात पुढे केला की मानेवरचे केस उभे राहायचे आणि हात मागे यायचा. मला त्याची भीती वाटायची. ती भीतीच मला वाचवत होती आणि मला ते चालत होतं. सहा महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी यावेळी गोल केला नाही.

तो रिपोर्ट दाखवायला मी आप्पांकडे धावत गेलो. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या मागे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"कोण तरी आलाय," ते म्हणाले. "पर ह्यो तुजा न्हाई."

"म्हणजे कुणाचा?"

"वयस्कर हाय. लेंगा घातलाय. भिताडाला हात लावून एका पायावर हुबा हाय."

मी हसण्याचा प्रयत्न केला. "तुम्ही उभे राहता तसा?"

"न्हाई रं पोरा. आमचा दुसरा पाय दुमडल्याला असतुया." आप्पांनी मान वाकडी करून नीट पाहिलं. "ह्याला दुसरा न्हाईच."

माझ्या वडिलांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला होता. हे मी आप्पांना सांगितलं नव्हतं. माणमध्ये, ऑफिसात, कुणालाच सांगितलं नव्हतं. मला त्या पायाची लाज वाटायची, तो गेला याची नव्हे, तो त्यांनी खाऊन घालवला याची. मी पार्किंगमध्ये दुचाक्यांच्या मधे खाली बसलो आणि रडलो. आप्पांनी मला रडू दिलं.

"लई दमलाय त्यो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "कवाधरनं हुबा हाय. तुज्यापायी. आता सोड त्याला."

"ते गेले तर मी परत खाईन, आप्पा." हे मी अगदी खरं सांगितलं. इतकं खरं मी डॉक्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"खाशील. न्हाईतर न्हाई खाणार," आप्पा म्हणाले. "त्ये तुजं तू." आणि ते मेंढ्या सोडायला उठले.

मी वर गेलो. दुपारचा एक वाजला होता. खोलीत ऊन आलं होतं. मी दोन भाकऱ्या थापल्या, मेथीची भाजी गरम केली, ताट घेऊन जमिनीवर बसलो. पाठीवर येणारा वारा अडला. मी या वेळी मागे पाहिलं नाही. वडील डबे शोधायचे तेव्हा मी घरातून निघून जायचो. त्या दोन वर्षांत मी त्यांच्याजवळ जेवायला एकदाही बसलो नाही. त्याबद्दल बोलावंसं वाटत होतं, पण शब्द जुळेनात. शेवटी ताटाकडे बघत एवढंच म्हणालो, "बाबा, बसा तुम्ही आता. माझं मी बघतो."

बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या मागे प्लास्टिकची खुर्ची करकरली, जडशीळ माणूस हळूच, एका हाताचा आधार घेत बसावा तशी. पंख्याचा वारा पुन्हा पाठीला लागला.

मी जेवायला लागलो. मानेवरचे केस उभे राहिले नाहीत. कुणी हात मागे घेतला नाही. भूक होती, भाजी चांगली झाली होती, आणि दुसरी भाकरी समोर होती. त्या भाकरीकडे मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. त्यातली अर्धी मी खाल्ली, आणि उरलेली अर्धी माझ्या हाताने झाकून ठेवली.